मेन पाडू का?

शनिवारी वायरमनकाकांनी मेन पाडला तेव्हा माझा सर्व्हर रीतसर बंद व्हायला फक्त वीस सेकंद उरले होते. त्या वीस सेकंदांचा राग अजून उतरलेला नाही.

ऑफिसच्या पॅनेलमधला जळका चेंजओव्हर, म्हणजे एका लाइनवरून दुसरीवर नेणारा स्विच, बदलायचा होता, त्यासाठी यूपीएससकट सगळी लाइन मारायची होती. मी सर्व्हरला बंद व्हायचा हुकूम सोडला. पडद्यावर लाल तारे डावीकडून उजवीकडे येरझाऱ्या घालू लागले आणि शेजारी ओळ उमटली: बॅकअपची सेवा थांबवण्याचं काम चालू आहे, मर्यादा ५ मिनिटं.

काका शिडीच्या तिसऱ्या पायरीवर, कानावर पेन्सिल.

"साहेब, मेन पाडू का?"

"थांबा काका, बंद होतंय."

"होतंय म्हणजे? बटण नाही का याला?"

"बटण दाबलंय. आतले प्रोग्रॅम एकेक करून थांबतात."

"किती जण आहेत आत?"

"असतील पन्नासेक. सगळे थांबले, एक राहिलाय."

काका शिडीवरून खाली उतरले. चष्मा पुसून पडद्यात डोकावले, जणू ओळखीचा निघेल. "कोण हा?"

"बॅकअपवाला."

"मग त्याला सांगा की."

"सांगितलंय. उत्तर देत नाही."

"आत आहे कशावरून? गेलाही असेल."

या वाक्याने पुढे मला फार छळलं. तेव्हा मात्र काका रंगात आले होते. "आमच्या साइटवर एक मुकादम होता. मस्टरवर रोज सही. माणूस दुबईला. ठेकेदार दर शनिवारी पगार काढायचा आणि म्हणायचा, येईल, चहाला गेलाय." मग घड्याळाकडे बघत, "तुमचा हा चहाला गेलाय."

मी म्हटलं, पाच मिनिटं झाली की मशीन त्याला आपणहून मारतं. काकांना हे पटलं नाही. "मारायचंच आहे तर पाच मिनिटं वाट कशाला बघायची?" प्रश्न वाजवी होता, म्हणून जास्तच लागला. ४ मिनिटं ४० सेकंदांवर काका म्हणाले, "साहेब, मला चिंचवडला पण जायचंय," आणि खटका पाडला. त्याच क्षणी आमचे साहेब दारात. "झालं की! मग इतका वेळ काय करत होता तुम्ही?"

लाइन आल्यावर मशीन उठलं, डिस्कने स्वतःची पडझड सावरली आणि मी शोधाला बसलो. बॅकअप चालवणारी स्क्रिप्ट जुन्या पद्धतीची, इनिट-डी फोल्डरातली; सेवा सुरू-बंद करणाऱ्या स्क्रिप्ट तिथे राहत. त्या काळी स्क्रिप्ट सुरू करणाऱ्या दुव्याचं (शॉर्टकटचं) नाव एस-२० असलं की थांबवणाऱ्याचं के-८० ठेवत; एस म्हणजे स्टार्ट, के म्हणजे किल, आणि पाळी आकड्यांच्या क्रमाने, म्हणजे जो आधी उठला तो शेवटी निजायचा. बहुतेक लोक एसचा दुवा मनापासून करत आणि केचा राहून जाई. सर्व्हर सुरू झाला की टाळ्या पडतात. बंद होताना बघायला कोण येतं?

आता हा कारभार सिस्टमडीकडे आहे, म्हणजे लिनक्समध्ये सगळ्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमकडे. लेनार्ट पोएटरिंग आणि के सिव्हर्स यांनी २०१० मध्ये तो आणला आणि लोक असे भांडले की विचारू नका. डेबियन या लिनक्सच्या एका घराण्याच्या तांत्रिक समितीत २०१४ साली मतं समसमान पडली, अध्यक्षांना निर्णायक मत घालावं लागलं, आणि वर्ष संपायच्या आत नाराजांनी डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडली. मशीन कोणी उठवायचं आणि कोणी निजवायचं, यावरून! मला आधी हे हास्यास्पद वाटायचं. शनिवारपासून वाटत नाही.

सिस्टमडी आपल्या सेवांना थांबायला सहसा ९० सेकंद देतो. जुन्या स्क्रिप्ट सापडल्या की आमच्या मशीनवरचा सिस्टमडी स्वतःच त्यांना वेष्टण घालतो आणि त्या वेष्टणात मुदत ५ मिनिटांची. म्हाताऱ्यांना सवलत. आमच्या स्क्रिप्टचा थांबण्याचा भाग असा: प्रोग्रॅमला संपायला सांग, मग त्याची पीआयडी फाइल, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक लिहिलेली हजेरीची चिठ्ठी, नाहीशी होईपर्यंत एकेक सेकंद झोप. ती फाइल प्रोग्रॅमनेच जाता जाता पुसायची. पण बॅकअपवाला केव्हाच मधल्या रात्री कोसळला होता, फाइल न पुसता. ती पुसणारं कोणी उरलंच नव्हतं. तरी स्थिती विचारली तर सिस्टमडी शांतपणे सांगायचा: कार्यरत, कंसात, गेलेला. म्हणजे काकांचं निदान अक्षरशः बरोबर, आणि मी वीस वर्षं या धंद्यात.

स्क्रिप्टमध्ये वरच शेरा होता: तात्पुरतं, नंतर नीट करू. लिहिणारा गृहस्थ कंपनी सोडून टोरांटोला गेला. त्याच्या नावाने बोटं मोडत मी रविवारभर बसून नीट युनिट फाइल, म्हणजे सिस्टमडीला कळेल अशी सेवेची नोंद, लिहिली, थांबायला २० सेकंद दिले, सुट्टीच्या दिवसाच्या कामाचा अर्ज टाकला. अर्ज परत आला: "मशीन बंद होण्यासाठी इतके तास कसे, खुलासा करावा." खुलासा दिला. पीआयडी फाइल म्हणजे काय, अशी पुढची शंका आली. तीही निरसली. अर्ज अजून टेबलावर आहे.

काकांचं बिल मात्र त्याच दिवशी पास झालं. मी लेखाविभागात स्वतः बघितलं. चेंजओव्हर, लग्स, केबल, मजुरी, आणि सगळ्यात खाली, सुवाच्य अक्षरात: सर्व्हर बंद करून दिला, रु. २५०.