ठराव मांडायला माणूसच नाही

(२०२५ मधली नोंद.) आज झेडपीत गेलो होतो. डोकं सटकून परत आलोय. लांबलचक लिहिणार आहे, कंटाळा असेल तर खुशाल पुढं सरका.

काम साधं होतं. आमच्या वाडीच्या शाळेत सहावी-सातवी मिळून १७ पोरं. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, जीआर म्हणतो, सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली असेल तर तिथं शिक्षकाचं पदच नाही. म्हणजे पोरांनी ओढा ओलांडून मोठ्या गावात जायचं. पावसाळ्यात तो ओढा काय असतो ते आमच्याकडं येऊन गेलेल्यांना माहीत आहे.

पालकांच्या सह्यांचं निवेदन घेऊन गेलो. क्लार्क भला माणूस, चहा पाजला. "दादा, तुमचं खरंय, पण हे वरून आलंय." म्हटलं, मग निदान सभेत ठराव घ्या, जिल्ह्याचं म्हणणं मंत्रालयात कळवा. तर हसला. "कुणी मांडायचा?"

सभागृहाला कुलूप. काचेतून बघितलं तर खुर्च्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांवर लाल फडक्यातले फायलींचे गठ्ठे. बाहेर अध्यक्षांच्या नावांचा फलक आहे, १९६२ पासूनचा. शेवटच्या ओळीत पेंटरनं त्याच सोनेरी अक्षरांत 'प्रशासक' लिहिलंय. 'पासून' च्या रकान्यात मार्च २०२२, 'पर्यंत' चा रकाना कोरा.

साडेतीन वर्षं झाली, सदस्यांची मुदत संपली आणि निवडणूक नाही. घटनेच्या २४३-ई मध्ये सरळ लिहिलंय की पंचायतीची मुदत पाच वर्षं आणि ती संपायच्या आत निवडणूक. इथं ओबीसी आरक्षण, गटरचना (झेडपीच्या मतदारसंघांची आखणी), तारीख पे तारीख. आरक्षणाचा प्रश्न खरा होता, मान्य. पण आमदारकीची निवडणूक एका दिवसानं तरी लांबली का? सुप्रीम कोर्टानं मे २०२५ मध्ये चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून सांगितलं होतं, मग सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. आणि आपण सगळे गप्प. कारण आपल्याला वाटतं झेडपी म्हणजे गटारं आणि हातपंप.

माझी आई १९९७ ला महिला राखीव गटातून निवडून आली होती. सातवी शिकलेली. पहिल्या वर्षी सभेत तोंड उघडलं नाही, नुसती वहीत लिहून घ्यायची. दुसऱ्या वर्षी तिनं ठराव मांडला, याच ओढ्याचा. नव्या शाळेसाठी सरकार अंतर मोजतं ते नकाशावर, मधल्या पाण्याचा हिशेब कुणी धरत नाही, तर डोंगरी भागासाठी निकष बदला. ठराव एकमतानं मंजूर होऊन मंत्रालयात गेला. दोन वर्षांनी एका ओळीचं पत्र आलं: बाब शासनाच्या विचाराधीन आहे. ते पत्र अजून तिच्या ट्रंकेत आहे.

तर मुद्दा असा की तेव्हाही सरकार ऐकत नव्हतंच. पण नाही म्हणायला, टाळायला, विचाराधीन ठेवायला त्यांना एक कागद तरी पाठवावा लागला. आता तेवढाही त्रास नाही. जीआर मंत्रालयातून येतो, व्हिडिओ कॉन्फरन्सवर समजावून सांगतात, आणि इकडं त्याची अंमलबजावणी करणारा सीईओ (झेडपीचा मुख्य कार्यकारी अधिकारी) हाच प्रशासक, म्हणजे हाच झेडपी. स्वतःच्या वरिष्ठांच्या जीआरविरुद्ध तो कशाला ठराव घेईल? त्या माणसाची तरी काय चूक?

आणखी एक गोष्ट, जी कुणी बोलतच नाही. विधान परिषदेच्या ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आहेत. झेडपीचे सदस्य आणि नगरसेवक तिथं मतदान करतात. झेडपीला कायद्याच्या टेबलापर्यंत पोचायला तेवढंच एक दार. मतदारच उरले नाहीत, त्यामुळं २०२५ मध्ये यातल्या बऱ्याच जागा रिकाम्या पडल्या होत्या. (हो, त्या निवडणुकीत मतदारांना सहलीला नेऊन हॉटेलात कोंडतात, पाकिटं वाटतात, मला शिकवू नका.) पण दार गंजलंय म्हणून कुणी भिंत बांधतं का?

वसंतराव नाईक समितीनं १९६१ मध्ये मुद्दाम कलेक्टरला झेडपीच्या बाहेर ठेवलं. जिल्ह्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या माणसानं बघावा म्हणून. आज फिरून फिरून तिथंच आलो, नाव तेवढं बदललं, कलेक्टरच्या जागी सीईओ.

आता काहीजण म्हणतील, सदस्य काय धुतल्या तांदळाचे होते? नव्हते. टक्केवारी होती. बायको सदस्य आणि सह्या नवऱ्याच्या, असंही होतं. शिक्षकांच्या बदल्या ऑनलाइन करून सरकारनं तिथला बाजार मोडला, ते बरंच केलं. पण आमच्या घरी सकाळी सात वाजता ओसरीवर माणसं बसलेली असायची, आईला शिव्या घालायला. रेशनकार्डापासून म्हशीच्या कर्जापर्यंत. ती चिडायची, चहा टाकायची. प्रशासकाच्या बंगल्यावर सकाळी सातला जाऊन बघा बरं कुणी.

घरी आलो तेव्हा आई लसूण सोलत बसली होती. सगळं सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "निवेदन बारनिशीत दिलंस का नुसतं टेबलावर ठेवून आलास?"

टेबलावर ठेवून आलो होतो. बारनिशीत, म्हणजे आवक-जावक विभागात, नोंद केलीच नव्हती.

माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा सातवीत. मग हात पुसले, चष्मा शोधला आणि म्हणाली, नवीन लिही, मी सही करते. गेला तासभर ती सांगतेय आणि मी लिहितोय. पटसंख्या, ओढ्याची रुंदी, पुराचे दिवस, सगळं तिला पाठ. सोबत ते जुनं पत्रही जोडायचं म्हणते, जावक क्रमांकासकट. खाली 'माजी सदस्य' लिहून सही केलीय. अक्षर थोडं थरथरतं आता.

उद्या पुन्हा जातोय. पोच घेतल्याशिवाय हलू नकोस, असं दोनदा बजावून झोपायला गेलीय.