काटेकोर म्हणजे अचूक नव्हे!

गेलं वर्षभर माझा घरच्या वजनकाट्यावर फार विश्वास होता, का तर तो पॉइंटनंतरचा आकडा दाखवतो. ७१.४. उतरून परत चढलो, ७१.४. मग एकदा दवाखान्यात उभं केलं तर ७४! मी नर्सबाईंना म्हटलं तुमचा काटा चेक करून घ्या, त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे. घरी येऊन दहा किलोचं डंबेल ठेवलं, ९.६. परत ठेवलं, परत ९.६. गुणी काटा. दरवेळी तेवढंच खोटं बोलतो.

प्रिसाइज आणि ॲक्युरेट यातला फरक असा पायाखाली सापडला. आपण दोन्हीला सरसकट 'अचूक' म्हणून मोकळे होतो, पण माझ्या मते प्रिसाइज म्हणजे काटेकोर, दरवेळी तेच उत्तर, बारीक आकड्यापर्यंत. ॲक्युरेट म्हणजे अचूक, खऱ्याच्या जवळ. गणितातल्या पायची (π) किंमत ३.१४२८५७१ लिहिली की कसली भारी वाटते, पण ते नुसतं २२ भागिले ७ आहे, तिसऱ्या दशांश स्थळालाच गाडी घसरलेली, पुढचे सगळे आकडे शोभेचे.

आणि हे फक्त माझ्यासारख्याचंच होतं असं नाही हं. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली आणि फोटो धूसर यायला लागले. तिचा २.४ मीटरचा आरसा अत्यंत काटेकोर घासलेला, फक्त चुकीच्या आकाराला! कडेला साधारण २.२ मायक्रॉन जास्त सपाट, म्हणजे केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग वगैरे. कारण ज्या उपकरणाने आरसा तपासत होते त्यातलंच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं. आणि खरी गंमत पुढेच आहे, दुसऱ्या साध्या उपकरणांनी गडबड दाखवली होती, पण ती कमी काटेकोर म्हणून त्यांचं कुणी ऐकलं नाही. (नर्सबाई आठवल्या ना?)

एक मात्र आहे, काटेकोर चूक दुरुस्त करता येते. आरसा सगळीकडून एकाच हिशोबाने चुकला होता म्हणून त्याच्या नेमका उलटा 'चष्मा' बनवता आला आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन तो बसवला. तोच काटा आज ७०, उद्या ७६ दाखवत असता तर काय करणार होतो, सरासरी काढत बसलो असतो.

म्हणून काटा टाकला नाहीये. मी मनातल्या मनात अडीच किलो मिळवतो. घरातले बाकीचे अजून दिसेल त्या आकड्यावर खूश आहेत, मी काही बोललेलो नाही.