१९९८ ची चाचणी ही घोकंपट्टी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार. ‘१९९८ साल तुम्हाला किती आठवते?’ ही पंचवीस प्रश्नांची चाचणी मी गेल्या आठवड्यात इथे दिली होती, तिच्यात प्रत्येक उत्तरासमोर आपली खात्री दहापैकी किती तेही लिहायचे होते, आणि तिच्यावर आपण अमळनेरहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. सनावळ्या आणि नावे लक्षात ठेवणे ही निव्वळ घोकंपट्टी असून तिच्याविरुद्ध आपण वर्गात आयुष्यभर झगडलात. हातात मोबाइल असताना अशा परीक्षेची गरज उरत नाही. खात्रीने चुकणाऱ्याचे गुण कापण्याचा नियम वयस्कर वाचकांना दुखावणारा आहे. आणि लिहिणारा खानदेशातला असूनही पंचवीसांपैकी खानदेशाचा प्रश्न एकच आहे. यातला शेवटचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, पण त्याच्याकडे थोडा उशिरा येतो.

घोकंपट्टीला माझाही विरोधच आहे. पण घोकणारा माणूस समोर ठेवलेले उत्तर पाठ करतो, आणि १९९८ तर आपल्यापैकी कोणीच पाठ केलेले नाही. ते आपण जगलो आहोत. मी तेव्हा शहाद्याला अकरावीत होतो. त्या एप्रिलमध्ये शारजात वाळूचे वादळ आले, सामना थांबला आणि त्यानंतर सचिनने ऑस्ट्रेलियाची गोलंदाजी फोडून काढली, ती रात्र मला अगदी लख्ख आठवते, असे मी वीस वर्षे सांगत आलो. शेजारच्या काकांनी टीव्ही ओट्यावर आणून ठेवला होता, आळीतली पोरे खाली सतरंजीवर बसली होती आणि भारत जिंकल्यावर कोणीतरी दिवाळीतली उरलेली फटाक्यांची लड लावली होती. प्रत्यक्षात २२ एप्रिलच्या त्या वादळाच्या सामन्यात सचिनने १४३ धावा केल्या, तरी भारत तो सामना २६ धावांनी हरला होता. धावगतीच्या जोरावर आपण फक्त अंतिम फेरीत पोचलो. जिंकलो ते २४ तारखेला, सचिनच्या पंचविसाव्या वाढदिवशी, आणि त्या डावात त्याच्या १३४ धावा होत्या. माझ्या मनाने दोन रात्री एकत्र करून एक रात्र तयार केली, वादळ पहिलीतून घेतले आणि लड दुसरीतून. चाचणीत हा प्रश्न घातल्यावर आलेल्या उत्तरांत हीच चूक मला पुन्हा पुन्हा दिसली, आणि बहुतेकांनी समोर खात्रीच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले होते.

मोबाइलच्या मुद्द्यावर माझे उत्तर याच अनुभवातून आले आहे. मोबाइल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, पण ज्याला खात्री आहे तो विचारतच नाही. महाराष्ट्रात वाशीम आणि नंदुरबार हे जिल्हे १ जुलै १९९८ रोजी झाले आणि ३१ चे ३३ झाले; हिंगोली आणि गोंदिया १ मे १९९९ रोजी झाले आणि ३५ झाले. हे चारही एकाच दिवशी झाले, असे ठामपणे सांगणारी शिकलेली माणसे मला भेटली आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणीही ते कधी शोधून पाहिलेले नव्हते. पोखरणचेही तसेच. पाच अणुचाचण्या एकाच दिवशी झाल्या असे अनेकांनी लिहिले. त्या ११ मे रोजी तीन आणि १३ मे रोजी दोन अशा झाल्या. ११ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती, त्यामुळे ‘बुद्ध हसला’ हा १९७४ च्या पहिल्या अणुचाचणीचा संकेत लोक सहज १९९८ ला जोडतात. आधी लिहायचे आणि मग पडताळायचे, हा चाचणीचा क्रम मी एवढ्यासाठीच ठेवला आहे.

हे फक्त माझ्याच मनाचे खेळ नाहीत. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळले, तेव्हा उल्रिक नायसर आणि निकोल हार्श या मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ‘तुम्हाला बातमी कुठे, कशी आणि कोणाकडून कळली’ हे लिहून घेतले होते. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले, तर पूर्ण जुळणारी हकिगत फक्त तिघांची निघाली. त्यांना स्वतःच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला, तेव्हाही काहींनी आताची आठवणच खरी मानली. सर, या शेवटच्या गोष्टीवर मी फार दिवस विचार करत होतो. विलेम वाखेनार या डच मानसशास्त्रज्ञाने सहा वर्षे रोजची घटना ‘कोण, काय, कुठे, केव्हा’ अशी टिपून ठेवली आणि नंतर स्वतःचीच परीक्षा घेतली. नुसत्या तारखेवरून त्याला जवळजवळ काहीच आठवत नव्हते. सन लक्षात न राहणे हे म्हातारपणाचे लक्षण नसून मनाची घडणच तशी आहे, असे यावरून मला वाटते, आणि म्हणून चाचणीतले निम्मे प्रश्न मी तारखेऐवजी ‘आधी काय, नंतर काय’ अशा स्वरूपात विचारले होते.

गुण कापण्याबाबत आपले म्हणणे मी मान्य करतो. तो नियम काढला आहे. खात्रीचा रकाना मात्र ठेवतो आहे, कारण उत्तर आणि खात्री यांत पडलेले अंतर वाचकाला त्याच्याशिवाय दिसणार नाही.

आता खानदेशाविषयी. आपण म्हणता ते अक्षरशः खरे आहे. मी प्रश्न काढायला बसलो तेव्हा समोर वर्षअखेरीचे आढावे होते, आणि त्यांत जे होते तेच मी विचारले. कांद्याचा प्रश्न पाहा. त्या वर्षी कांदा किती महाग झाला आणि त्यामुळे नोव्हेंबरच्या निवडणुकीत दिल्लीत कोणाची सत्ता गेली, असे मी विचारले. हा कांदा विकत घेणाऱ्याने विचारलेला प्रश्न आहे. साक्री-पिंपळनेरकडे कांदा लावणाऱ्या घरात त्या सालची आठवण वेगळी असणार : भाव चढला तेव्हा चाळीत किती माल उरला होता, आणि तो कोणी आधीच विकून टाकला होता. हा प्रश्न आढाव्यात मिळत नाही, तो घरोघरी जाऊनच विचारावा लागतो, आणि मी तो विचारला नाही, ही माझी चूक आहे.

नंदुरबारचा प्रश्नही मी वरवर विचारला, हे आपले पत्र वाचल्यावर लक्षात आले. मी फक्त तारीख मागितली. त्यानंतर मी घरातली जुनी पत्रे काढली. धरणगावच्या आत्याची आंतरदेशीय पत्रे वडिलांनी तारेला लावून ठेवली आहेत, त्यांतल्या मार्च २००० च्या पत्रावरही पत्ता ‘शहादा, जि. धुळे’ असाच आहे. एका पत्रावर तिने ‘धुळे’ लिहून मग त्यावर आडवी रेघ मारली आहे आणि वर, जागा नसल्याने बारीक अक्षरांत, ‘नंदुरबार’ लिहिले आहे. आमची आजी तर शेवटपर्यंत ‘पश्चिम खानदेश’च म्हणत असे, कारण १९०६ साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले तेव्हापासून तिच्या माहेरी तोच शब्द रुळला होता. ‘आते आपला जिल्हा नंदुरबार व्हयना,’ असे वडील तिला सांगत, आणि ती मान हलवून पुन्हा जुनेच नाव घेई. धुळ्यातून सहा तालुके वेगळे निघाले, पण १९९८ पूर्वीच्या दाखल्यांवर आमचा जिल्हा आजही धुळेच आहे, आणि आमच्या पिढीतल्या अनेकांना जन्मस्थळाचा अर्ज भरताना क्षणभर थांबावे लागते.

म्हणून चाचणीचा दुसरा भाग मी फक्त खानदेशावर करणार आहे, आणि त्यातला पहिला प्रश्न आपल्याला विचारतो. १ जुलैला जिल्हे झाले तेव्हा शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता आणि भिंतीवरचा नकाशा व मुलांच्या हातातली पुस्तके जुनीच असणार. आपण त्या वर्षी मुलांना जिल्हे किती सांगितलेत, ३१ की ३३? कोणती वही किंवा टाचण उघडण्याआधी जे आठवते ते लिहून काढा, समोर दहापैकी खात्री लिहा, आणि त्यानंतर जुनी टाचणवही सापडली तर तिच्यात काय आहे तेही कळवा.

आपला,
शहाद्याचा एक विद्यार्थी