झूमवर खटला भरण्याआधी पड जमिनीचा हिशेब मांडा

‘मागास देशांतली शेती’ असा एक मजकूर सध्या जोरात फिरतो आहे. त्यातली मंडळी जगभरची आहेत, पण बोट मुख्यतः ईशान्य भारतातल्या झूमकडे, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीकडे आहे. मजकुराचा सारांश असा: हे लोक शेतासाठी जंगल जाळतात, दोन वर्षं पीक घेतात, जमीन नापीक करून पुढे सरकतात, नांगरही धरत नसल्याने डोंगर धुपून जातो, उत्पन्न नगण्य, ईशान्येतलं जंगल यांनीच संपवलं, सांगूनही ऐकत नाहीत, तेव्हा हे बंद करून तिथे तेलपाम लावा. शाळेतल्या भूगोलाचा वास येणारी ही वाक्यं इतकी ओळखीची आहेत की कुणी तपासत नाही. एकेक घेऊ.

‘जमीन नापीक करून पुढे सरकतात’

सरकतं ते शेत, गाव नव्हे. नागालँड-मिझोरामची बहुतेक गावं पिढ्यान्‌पिढ्या एकाच डोंगरावर आहेत आणि गावाच्या हद्दीतले उतार आळीपाळीने लागवडीखाली येतात. डिसेंबर-जानेवारीत ठरलेल्या उतारावरची झाडी तोडतात, दोन-अडीच महिने वाळू देतात, मार्चच्या सुमारास जाळतात, पहिल्या वळवावर टोकण करतात. एक, फार तर दोन हंगाम पीक घेतात आणि जमीन पड टाकतात. पडीत पुन्हा झाडी उभी राहिली की शेत परत तिथेच येतं. म्हणजे ज्याला पाहणारा ‘सोडून दिलेली जमीन’ म्हणतो, ती या शेतीचीच दुसरी अवस्था असते, आणि खत तयार करण्याचं काम तिच्याकडे असतं.

ते कसं, हे बघण्यासारखं आहे. तिथली डोंगरमाती आम्ल, सामू (pH) साधारण साडेचार ते साडेपाच. इतक्या आम्ल मातीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं आणि विद्राव्य अॅल्युमिनियम मुळांना मारक ठरतं. पडीतली झाडं खोलवरची पोषकद्रव्यं वर ओढून खोडापानांत साठवतात. जाळल्यावर त्यातला पालाश (पोटॅश), चुना, मॅग्नेशियम आणि स्फुरदाचा मोठा भाग राखेत उतरतो, सामू तात्पुरता वर येतो, वरच्या काही सेंटिमीटरमधलं तणाचं बी भाजून मरतं. नत्र आणि गंधक मात्र बऱ्याच अंशी हवेत उडून जातात. त्यांचा साठा पडीतल्या पालापाचोळ्यातून आणि नत्र बांधणाऱ्या झाडांमधूनच पुन्हा भरावा लागतो, आणि त्याला वर्षं लागतात. राखेचा परिणाम पहिल्या हंगामानंतर ओसरतो. दुसऱ्या वर्षी तण दुप्पट जोमाने येतं आणि शेतकरी उठतो तो बहुधा तणाला कंटाळून; माती संपलेली असतेच असं नाही.

कोकणातल्या वाचकाला यात परकं काही वाटू नये. भाताच्या रोपांसाठी राब भाजणं म्हणजे याच तत्त्वाचा वाफ्यापुरता वापर. भाजावळीतही राख मिळते आणि तण मरतं. वरकस जमिनीवर नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा कारळा आणि त्यानंतर काही वर्षं पड, हा फेरा तर फिरत्या शेतीचाच भाऊबंद. गोव्यात काणकोण-सत्तरीकडे तिला कुमेरी म्हणत. झांबियातले बेंबा लोक झाडं मुळापासून न तोडता फांद्या छाटतात, शेताच्या कितीतरी पट क्षेत्रातल्या फांद्या एका जागी रचून जाळतात आणि त्या राखेत पेरतात ती नाचणीच.

‘नांगर नाही, म्हणून धूप’

हा आरोप उलटा आहे. तीस-चाळीस टक्के उतारावर नांगर घातला तर पहिल्याच पावसात माती खाली जाईल. झूममध्ये बुंधे गुडघ्याएवढे ठेवून तोड होते, मुळं जमिनीत तशीच राहतात, काठीने किंवा छोट्या कुदळीने भोक पाडून बी टोकतात. अर्धवट जळलेले ओंडके उताराला आडवे टाकून माती अडवतात. पिकांची मांडणीही या हिशेबानेच असते: भाताच्या ओळींत मका, काकडी, भोपळा, वाल, मिरची, अंबाडी, तीळ, राळा, अळू, रताळी, आलं असं सगळं एकाच शेतात, त्यामुळे जमीन लवकर झाकते. वीस-वीस जातींची पिकं असलेलं शेत तिथे नवलाचं नाही.

तरी धूप होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे एप्रिल-मे. शेत जळून उघडं पडलेलं असतं, पीक वीतभर असतं आणि वळवाचा पाऊस सडकून पडतो. तेव्हा मातीबरोबर राखही वाहून जाते. फेरा जितका छोटा तितकं हे उघडं पडणं वारंवार घडतं. म्हणून धुपीचे आकडे वाचताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: शेत किती वर्षांच्या पडीवर होतं? हा तपशील नसेल तर त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही.

मग पायऱ्या का पाडत नाहीत? पाडतात, जिथे पाणी आणि मातीची खोली आहे तिथे. नागालँडमधल्या खोनोमाच्या अंगामी शेतकऱ्यांची भाताची पायऱ्यांची शेतं आणि झूम शेजारी-शेजारी आहेत; अरुणाचलातल्या झिरो खोऱ्यात आपातानी लोक पाण्याच्या शेतात भाताबरोबर मासे वाढवतात. पातळ मातीच्या तीव्र उतारावर पायरी कापली की सुपीक थर गाडला जातो, खालची आम्ल माती वर येते, पुढची काही वर्षं शेणखत ओतावं लागतं आणि बांध दरसाल दुरुस्त करावा लागतो. इतकं करून वर पाणी नसेल तर त्या पायरीचा उपयोग काय?

‘उत्पन्न नगण्य’

झूममधलं भात हेक्टरी साधारण टनभर, पंजाबच्या शेताशी तुलना केली तर नगण्यच. पण तुलनेत फक्त भात मोजलं जातं. जूनपासून काकडी आणि मका, पुढे भाज्या, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भात, मग कंद, असा घरखर्च सहा-सात महिने या शेतातून निघतो आणि त्यासाठी विकतचं खत, वीज, पंप यांपैकी काही लागत नाही. एक पीक उंदरांनी किंवा पावसाने नेलं तरी बाकीची उरतात.

उत्पन्न कोसळतं ते दोन कारणांनी, आणि दोन्ही शेतकऱ्याला चांगली ठाऊक असतात. एक, जाळ नीट न लागणं. जाळण्याआधी पाऊस आला तर लाकूड ओलं राहतं, अर्धवट जळतं, राख कमी पडते, तणाचं बी जिवंत राहतं. मग उरलेलं लाकूड गोळा करून ढीग पुन्हा पेटवावे लागतात. उशिरा जाळावं तर आग आटोक्याबाहेर जाण्याची भीती. दुसरं, बेणणी. हंगामात तीन-चार वेळा तण काढावं लागतं आणि एक बेणणी चुकली तरी भात दबून जातं. झूमची खरी मर्यादा जमिनीइतकीच हातांची आहे. यावर्षी घरात काम करणारे किती, यावरून शेत किती मोठं धरायचं ते ठरतं.

‘ईशान्येतलं जंगल यांनीच संपवलं’

या दाव्यात मोजणीचा घोळ आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. भारताच्या वनसर्वेक्षणात ‘वनाच्छादन’ म्हणजे एक हेक्टर किंवा मोठा, झाडांचं दहा टक्के किंवा अधिक छत्र असलेला कुठलाही तुकडा. जमीन कुणाची आणि वापर कोणता याला महत्त्व नाही. त्यामुळे उपग्रहाच्या चित्रात ताजं जाळलेलं शेत ‘घट’ म्हणून येतं, दहा वर्षांनी तीच पड ‘वाढ’ म्हणून येते, आणि रबराची किंवा तेलपामाची बाग कायमची ‘वन’ ठरते. घटीची बातमी होते आणि खाली कारण छापलं जातं: झूम. वाढ झाली की श्रेय झूमच्या पडीला कुणी देत नाही.

जागतिक आकडा हवा असेल तर 2018 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला अभ्यास आहे. 2001 ते 2015 या काळात जगात जे वृक्षाच्छादन गेलं त्यातलं सुमारे 27 टक्के पामतेल, सोया, गोमांस, खाणी अशा व्यापारी कारणांनी कायमचं गेलं. 24 टक्के फिरत्या शेतीच्या खात्यावर आहे, आणि तिथे जमीन पुढे सोडून दिली जाते व झाडी परत येते असं त्याच अभ्यासाचं वर्गीकरण सांगतं. आफ्रिकेत मात्र फिरत्या शेतीचा वाटा 90 टक्क्यांच्या वर निघाला. हा आकडा लपवायचं कारण नाही. ‘गेलं’ आणि ‘तात्पुरतं गेलं’ यांची बेरीज एका रकान्यात करू नये, एवढंच म्हणणं आहे.

शिवाय ईशान्येतली झूम वाढतच चालली आहे हेही खरं नाही. पडीक जमिनींच्या (‘वेस्टलँड’) सरकारी नकाशांनुसार तिथलं झूमखालचं क्षेत्र 2000 साली 35,142 चौरस किलोमीटर होतं ते 2010 मध्ये 10,306 वर आलं. जंगल झूममुळेच जात असेल, तर झूम इतकी आटल्यावर ते थांबायला हवं होतं.

आरोपात जे खरं आहे ते फेऱ्याच्या लांबीत आहे. शंभर घरांचं गाव घ्या, घरटी वर्षाला एक हेक्टर. गावाकडे 1,200 हेक्टर असतील तर एका जागी परतायला बारा वर्षं. त्यातले 300 हेक्टर राखीव झाले, 300 वर कायमची बाग उभी राहिली, तर उरले 600, फेरा सहा वर्षांचा. घरं 120 झाली की पाच वर्षांचा. पंधरा वर्षांच्या पडीत झाडांचं छत्र मिटतं, सावलीत ऊन मागणारं तण मरतं, त्याचं मातीतलं बीही हळूहळू संपतं. पाच वर्षांत छत्र मिटतच नाही; रानमोडीसारखं तण आणि उंच धारदार गवत यांचं राज्य राहतं, जाळायला लाकूड नाही म्हणून राख नाही, बेणणीचे दिवस वाढतात. अशा ठिकाणी भात परवडेनासं होऊन लोक कमी पोषणावर येणाऱ्या कंदांकडे वळतात. हा ऱ्हास खरा आहे, आणि त्याचं एक मोठं कारण त्याच मजकुरात ‘उपाय’ म्हणून सुचवलं आहे.

‘बंद करून तेलपाम लावा’

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्राने 11,040 कोटींची तेलपाम मोहीम मंजूर केली, ईशान्येवर खास भर देऊन. मिझोराममध्ये ही बाग त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे. व्यवहार असा: नऊ मीटर अंतरावर त्रिकोणी मांडणीत हेक्टरी 143 झाडं, घड हाती यायला साधारण चौथं वर्ष, तोवर घर कशावर चालायचं हे योजनेच्या अनुदानावर. घड तोडल्यापासून साधारण चोवीस तासांत गिरणीत पोचला नाही तर तेलातली आम्लता वाढते आणि भाव पडतो. डोंगरात पावसाळ्यात रस्ता एकदा खचला की चोवीस तासांत काय पोचतं, हे तिथे गाडी चालवणाऱ्याला विचारा. पाणीही लागतं: कोरड्या महिन्यांत झाडाला रोज दीडशे-दोनशे लिटर, म्हणजे हेक्टरी वीस हजार लिटरच्या वर. प्रदेश भरपूर पावसाचा असला तरी डिसेंबर ते मार्च तिथे कोरडेच असतात आणि उतारावर पाणी साठत नाही.

‘निदान झाडं तरी राहतील’ या युक्तिवादाचं उत्तर मिझोराममध्येच मोजून झालं आहे. जयदेव मंडल आणि शंकर रमण यांनी डंपा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात पक्षी मोजले (2016). वर्षावनात जंगलातले पक्षी सर्वाधिक, हे अपेक्षितच. पण झूमच्या शेतं-पडींच्या भागात ते सागवान आणि तेलपाम या दोन्ही बागांपेक्षा जास्त होते. तेलपाम सर्वांत गरीब.

‘हे लोक ऐकतच नाहीत’

1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 10 वाचा: फिरती शेती ही सर्व बाबतींत ‘सवलत’ मानली जाईल आणि तिच्यावर नियंत्रण, निर्बंध किंवा बंदी घालण्याचा अधिकार सरकारचा. ज्या पडीवर पुढच्या पंधरा वर्षांचा भरवसा नाही ती कुणी पंधरा वर्षं राखत नाही. झटपट तोडून हक्क दाखवणं शहाणपणाचं ठरतं. नीती आयोगाच्या 2018 च्या अहवालात झूमच्या पडीला ‘पुनरुज्जीवित होणारी पड’ अशी वेगळी कायदेशीर ओळख द्यावी असं सुचवलं आहे. हे झालं तर फेरा लांबवायला निदान कारण तरी मिळेल.

छोट्या फेऱ्यातही माती टिकवण्याचा एक रस्ता खोनोमात आहे. तिथे शेतात अल्डरची झाडं राखतात. साल खरबरीत झाली की माणसाच्या उंचीच्या आसपास शेंडा छाटतात, कापलेल्या तोंडावर माती लिंपून दगड ठेवतात, नवे धुमारे फुटले की चार-पाच राखून बाकीचे काढतात. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र बांधतात, छाटलेल्या फांद्या राखेला आणि सरपणाला होतात. त्यामुळे दोन वर्षं पीक आणि दोन-चार वर्षं पड एवढ्या छोट्या फेऱ्यातही जमीन उभी राहते. हे झाड थंड, उंच डोंगरांचं आहे. मिझोरामच्या खालच्या उष्ण उतारांवर ते नेऊन लावलं तर लागत नाही. तिथे समतल रेषेवर तुरीसारख्या शेंगवर्गीय झुडपांच्या दाट ओळी लावून पाहतात. पण त्यांची छाटणी ऐन बेणणीच्या दिवसांत येते, हात कमी पडतात आणि ओळी वाढून पिकावर सावली धरतात. दुसऱ्या वर्षी शेतकरी त्या उपटतो. छाटणी जुलैवरून मेपर्यंत मागे आणता येईल अशी जात मिळाली तरच हा बेत जमेल.