गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडू नका

अथणी, चिक्कोडी, निपाणी भागात एक मेसेज फिरतोय: ‘गच्चीचं पावसाचं पाणी पाइपने थेट बोअरमध्ये सोडा. एका पावसाळ्यात आटलेली बोअर भरेल, उसालाही पाणी पुरेल.’ पाणी जिरवण्याची तळमळ रास्तच आहे. पण हा उपाय गावाचं प्यायचं पाणी नासवू शकतो.

‘बोअर भरेल.’ बोअर म्हणजे टाकी नव्हे. साडेसहा इंची, ३०० फुटी बोअर काठोकाठ भरली तरी त्यात जेमतेम दोन हजार लिटर मावतं. पाणी साठतं ते मुरमात आणि कातळाच्या भेगांत. भेगा बंद असतील तर ओतलेलं पाणी तिथेच तुंबून राहतं.

‘उसाला पुरेल.’ हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५५० मिमी पाऊस पडला आणि वीस टक्के वाया गेला, तर हाती येतं साधारण ४० हजार लिटर. एक एकर उसाच्या एका पाळीला, म्हणजे एकदा पाणी द्यायला, ७५ मिमीच्या हिशेबाने, तीन लाख लिटर लागतं. बेळगावात पाऊस दुप्पट धरला तरी अर्धी पाळीही निघत नाही.

‘थेट सोडा.’ खरा धोका इथे आहे. पहिल्या सरीबरोबर पक्ष्यांची विष्ठा, धूळ, पालापाचोळा येतो. तो गाळल्याशिवाय सरळ भूजलात उतरतो आणि शेजारच्या बोअरच्या पाण्यातही जंतू येतात. काही जण तर शेतातलं वाहतं पाणीही बोअरकडे वळवतात. काळ्या रानातलं गढूळ पाणी बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळीही ते नितळलेलं नसतं. ही बारीक चिकणमाती वाळूच्या गाळणीतूनही निसटते आणि भेगा लिंपून टाकते. शिवाय त्या पाण्याबरोबर खत आणि औषधंही उतरतात.

मग गच्चीच्या पाण्याचं काय करायचं? पहिल्या एक-दोन सरी बाहेर सोडा, पुढचं पाणी जाळी आणि वाळू-खडीच्या गाळणीतून झाकलेल्या टाकीत घ्या. दहा हजार लिटरची टाकी भरली, तर रोज ५० लिटर दराने पाच माणसांच्या घराला दोनशे दिवस स्वयंपाकाला पुरते. प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

बोअरला पाणी हवं असेल तर ते शिवारात अडवा. उताराला आडवे बांध घाला, ओढ्यावर बंधारे बांधा, गावच्या तळ्यातला गाळ उन्हाळ्यात काढून रानात टाका. तळ्याचं पाणी हळूहळू मुरतं, मातीतून गाळलं जातं, आणि त्याचा लाभ आसपासच्या सगळ्याच विहिरींना होतो. मात्र उपसा आहे तसाच राहिला, तर हे पाणीही नव्या बोअरी ओढून नेतील. म्हणून ग्रामसभेत पाळ्यांची आणि नव्या बोअरींची चर्चा पाऊस लागण्याआधीच व्हायला हवी.