नेमकं पळालो किती?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या घरात. अंबाझरीला पळायला जाणार कोण? म्हणून जिममधली ट्रेडमिल. ती म्हणते 5 किलोमीटर, मनगटावरचं घड्याळ म्हणतं 4.3. मधले 700 मीटर गोरेवाड्याच्या वाघानं खाल्ले काय बाप्पा?

छताखाली जीपीएसचा भरवसा नाही, म्हणून घड्याळ हाताच्या झोक्यावरून अंदाज बांधतं. जरा दांडी धरली, घाम पुसला, की अंतर गायब! मशीनही काही साधू नाही. ती पट्टा फिरवणाऱ्या रोलरचे फेरे मोजते, अन् पट्टा सैल होऊन घसरत असेल तर तो हिशेबही गेला. वर घड्याळ सांगतं, कॅलिब्रेट करा, मशीनचा आकडा भरा. म्हणजे खोट्याला साक्षीदार खोटाच!

ट्रेनर म्हणतो, "कॅलरी पाहा ना भाऊ." त्या तर दोघांच्याही अजूनच वेगळ्या.