फक्त ती एकच टेस्ट

"फक्त ती एकच टेस्ट परत चालवून बघ ना," आमचा लीड म्हणाला आणि त्याने कॉल कट केला. कुर्ल्याला रुळांवर पाणी, त्यामुळे सगळ्यांचं घरून काम. नाहीतर तो हे माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणतो.

टेस्ट म्हणजे आमचा कोड बरोबर चालतो का हे तपासणारे छोटे प्रोग्रॅम. त्या सगळ्या चालवायच्या तर डोंबिवलीहून निघालेला माणूस घाटकोपरला मेट्रो बदलून अंधेरीला उतरतो, तरी इकडे टक्केवारी नव्वदीत रेंगाळत असते. म्हणून निवडून चालवायच्या. पायटेस्ट, म्हणजे टेस्ट चालवणारं आमचं टूल, त्यात कमांडला जोडायचा हायफन के आहे. पुढे एक शब्द द्यायचा, की नावात तो असलेल्या टेस्ट तेवढ्या चालतात.

मला व्याजदराची टेस्ट हवी होती. 'रेट' दिलं. तर 'जनरेट' आली, 'ऑपरेट' आली, 'डेकोरेट'सुद्धा आली. हायफन के अख्खा शब्द जुळवत नाही, नावात कुठेही ती अक्षरं दिसली की तिला पुरतं. गणपतीच्या दिवसांत लालबागला कुणाला 'मांडवाजवळ भेट' म्हणून सांगावं, तसलंच हे. मग 'रेट अँड नॉट जनरेट अँड नॉट ऑपरेट' असं पुटपुटत एकेकीला बाद करत बसलो. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाकुणाला नको म्हणतोयस रे? स्थळं बघतोयस?"

त्यापेक्षा पूर्ण पत्ता द्यावा: फाइलचं नाव, दोन कोलन, क्लासचं नाव, पुन्हा दोन कोलन, टेस्टचं नाव. इथे मात्र कॅपिटल-स्मॉलचं सोवळं कडक, हायफन केला त्याचं काही नसतं. शिवाय आमच्याकडे टेस्टच्या नावातच तिची अख्खी कैफियत लिहायची पद्धत आहे. टर्मिनलची ओळ संपते, नाव संपत नाही.

त्यात ही टेस्ट वेगवेगळ्या आकड्यांवर चालणारी, म्हणजे नावाच्या शेपटाला चौकोनी कंस. एंटर दाबला. 'नो मॅचेस फाउंड.' टेस्ट तर डोळ्यांसमोर होती! हे बोलणारं पायटेस्ट नव्हतंच, झेडशेल होतं, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप केलेली कमांड आधी वाचणारा प्रोग्रॅम. त्याला चौकोनी कंस दिसला की तो त्या वर्णनाची फाइल शोधत सुटतो, आणि नाही मिळाली की पायटेस्टपर्यंत निरोपच जाऊ देत नाही. ॲपलने 2019 पासून मॅकवर हाच शेल मुख्य केला. लीडकडे लिनक्स आणि बॅश हा दुसरा शेल. बॅशला जुळणारी फाइल सापडली नाही तर तो कंस मुकाट्याने पुढे पाठवतो. "माझ्याकडे तर चालतंय," लीड म्हणाला. हे वाक्य तो झोपेतही म्हणत असावा. आख्ख्या पत्त्याला अवतरणचिन्हं घातली, तेव्हा कुठे टेस्ट चालली.

चालली आणि फेल झाली. ठीक, त्यासाठीच तर चालवली होती. कोड दुरुस्त केला आणि आता दोन हायफन, एल, एफ. म्हणजे मागच्या वेळी फेल झालेल्या तेवढ्याच चालव. ही सोय ज्याने केली त्याला मी जेवायला बोलवायला तयार आहे. पायटेस्ट फेल झालेल्यांची यादी एका लपलेल्या फोल्डरात जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी बरोब्बर त्यांनाच उभं करतं. टेस्ट पास! आनंदाच्या भरात वरचा बाण दाबून पुन्हा एंटर. आता फेल कुणीच उरलेलं नाही, म्हटल्यावर काहीच चालू नये, असं तुम्हाआम्हाला वाटतं. पायटेस्टला वाटतं, कुणीच फेल नाही ना, मग सगळ्याच चालवू.

चालू झाल्या सगळ्या. आई म्हणाली, "जेवून घे तोवर." जेवून, ताट घासून आलो, तर शेवटाला एक लाल ओळ. तीच टेस्ट. एकटी चालवली की पास, सगळ्यांत सोडली की फेल. तिच्या आधी चालणारी कुठलीतरी टेस्ट व्याजदर बदलून ठेवत होती आणि जाताना पूर्ववत करत नव्हती. ती कोण, हे शोधायचं म्हणजे पुन्हा हायफन के आणि पुन्हा अँड नॉट.

लीडला फोन लावला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर्व्हरवर चढव," तो म्हणाला, "आणि दोन-तीनदा रिरन मार. होते ती हिरवी."